नामनिर्धारण, स्थानिक

घरातील संगणक, मोबाइल, मुद्रक, दूरचित्रवाणी संच इ. उपकरणे ज्या खासगी जाळ्याने एकमेकांस जोडलेली असतात, त्या जाळ्यातील एखाद्या यंत्राच्या नावावरून त्याचा अंकीय पत्ता शोधून काढण्याच्या क्रियेस स्थानिक नामनिर्धारण म्हणतात. यंत्रांमधील संदेश पत्त्यावर जातात, नावावर जात नाहीत. नाव ही केवळ माणसाची सोय आहे. तथापि छायाचित्रे, कागदपत्रे, चित्रपट व त्यांच्या राखीव प्रती साठविण्यासाठी घरातच स्वतंत्र सर्व्हर ठेवण्याचा प्रघात जसजसा वाढला, तसतशी या सोयीवर घरातील अनेक कामांची भिस्त पडू लागली. समजा, सर्व्हरचे नाव ‘कोठार’ व पत्ता १९२.१६८.१.१० असा आहे. मोबाइलमधील छायाचित्रांची प्रत रोज रात्री ‘कोठार’कडे जावी अशी योजना केलेली असेल आणि त्या नावाचा पत्ता मिळेनासा झाला, तर प्रत निघणे थांबते. ही गोष्ट कित्येकदा महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानी येत नाही; मोबाइल हरवल्यावर किंवा बिघडल्यावरच ती उघडकीस येते. (प्रस्तुत नोंदीत यंत्रांची नावे देवनागरीत लिहिली असली, तरी प्रत्यक्षात ती सामान्यतः रोमन लिपीत दिली जातात.)

अशा वेळी सर्व्हर बिघडला असे समजून तो पुनःपुन्हा बंद-चालू करण्यात येतो. वस्तुतः सर्व्हर बहुधा निर्दोष असतो. घरगुती जाळ्यात एकाच नावाविषयीच्या प्रश्नास उत्तर देणारे घटक अनेक असतात आणि त्यांच्याजवळील माहिती परस्परांशी जुळतेच असे नाही, हे या दोषाचे खरे मूळ होय. म्हणून प्रश्न कोणाला विचारला गेला व उत्तर कोणी दिले याचा शोध घेणे, हेच दोषनिदानाचे मुख्य सूत्र ठरते.

पूर्वपीठिका : इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या अमेरिकन जाळ्यात प्रारंभी सर्व यंत्रांची नावे व पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. ही फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या माहिती केंद्रात ठेवली जाई. एलिझाबेथ फाइन्लर या केंद्राच्या प्रमुख होत्या. इतर ठिकाणचे संगणक वेळोवेळी या फाइलची प्रत उतरवून घेत. यंत्रांची संख्या वाढल्यावर ही व्यवस्था अपुरी पडू लागली. एकच नाव दोघांनी घेणे, प्रती जुन्या राहणे, असे दोष तिच्यात दिसू लागले. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची अधिकारक्षेत्रे पाडून ती वेगवेगळ्या सर्व्हरकडे सोपविणारी डोमेन नेम सिस्टिम (डीएनएस) मांडली. तिचे सुधारित नियम १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले व मूलतः तेच अद्यापि प्रमाण मानले जातात. जुनी फाइल मात्र नाहीशी झाली नाही. ‘होस्ट्स’ या नावाने तिचा वंशज आजही बहुतेक प्रत्येक संगणकात असतो आणि पुष्कळदा त्याचा शब्द डीएनएसच्याही आधी मानला जातो.

घरगुती जाळ्याची अडचण आणखी एका निर्णयामुळे उद्‌भवते. १९९६ च्या नियमानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ या मर्यादेतील आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. हे पत्ते असंख्य घरांत पुनःपुन्हा वापरले जातात. त्यामुळे जागतिक डीएनएसला त्यांच्याविषयी काही सांगता येणे शक्य नसते. घरातील नावांची नोंद घरातच ठेवावी लागते.

उत्तर देणारे घटक : संगणकाने नावाविषयी प्रश्न काढला की तो प्रथम स्वतःची होस्ट्स फाइल व तात्पुरता साठा पाहतो. तेथे उत्तर न मिळाल्यास तो त्याला नेमून दिलेल्या डीएनएस सर्व्हरकडे जातो. घरात हे काम बहुधा राउटर करतो. हौशी माणसे त्यासाठी निराळा लहान संगणक ठेवतात. राउटरच उपकरणांना पत्ते वाटून देत असल्याने कोणते नाव कोणत्या पत्त्याचे आहे हे त्याला आयतेच कळते. ‘डीएनएसमास्क’ या आज्ञावलीत पत्ते वाटण्याचे व नावे सांगण्याचे काम एकत्रच केलेले असते आणि अनेक राउटरांत तीच बसविलेली आढळते.

दुसरी पद्धत मध्यवर्ती सर्व्हरवाचून चालते. तीत प्रश्न विचारणारे यंत्र जाळ्यातील सर्वांना उद्देशून हाक देते व ज्याचे ते नाव असेल ते यंत्र स्वतः ओ देते. अ‍ॅपल कंपनीने २००२ मध्ये वापरात आणलेल्या या पद्धतीचे नियम स्टुअर्ट चेशायर व मार्क क्रोकमल यांनी लिहिले व ते २०१३ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले. या पद्धतीस एमडीएनएस म्हणतात. तिच्यातील नावांच्या शेवटी ‘.लोकल’ हा प्रत्यय असतो व हाक २२४.०.०.२५१ या समूहपत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर दिली जाते. लिनक्सवर हे काम सामान्यतः ‘अवाही’ ही आज्ञावली करते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत याच धर्तीच्या आणखी दोन पद्धती चालत आल्या आहेत. त्यांपैकी नेटबायॉस ही जुनी असून तीत नावाची लांबी १५ अक्षरांपुरती मर्यादित असते. दुसरी एलएलएमएनआर ही होय. हाक मारून उत्तर घेण्याच्या या सर्वच पद्धतींत उत्तर देणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय नसते. जाळ्यातील कोणताही संगणक ‘कोठार मीच’ असे म्हणू शकतो आणि विचारणारा त्यावर विश्वास ठेवून प्रवेशाची माहिती त्याच्या स्वाधीन करू शकतो. घरात पाहुण्यांना जाळे खुले करण्यापूर्वी हे लक्षात घेतलेले बरे.

नावांची निवड : चुकीचा प्रत्यय निवडल्यामुळे होणारे दोष दुरुस्त करणे सर्वांत जिकिरीचे असते, कारण तोपर्यंत ते नाव दहा ठिकाणी लिहून झालेले असते. ‘.लोकल’ हा प्रत्यय एमडीएनएससाठी राखीव आहे. तो डीएनएस सर्व्हरमध्ये वापरल्यास अनेक लिनक्स संगणक त्या सर्व्हरला प्रश्नच विचारत नाहीत. त्यांच्या नामनिर्धारणाच्या क्रमात ‘एमडीएनएसने नाही म्हटले की थांबावे’ अशी सूचना घातलेली असते. त्याच घरातील दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर तेच नाव चालते, त्यामुळे गोंधळ वाढतो. पूर्वी लहान कार्यालयांच्या विंडोज जाळ्यांना ‘.लोकल’ हा प्रत्यय सर्रास दिला जाई. तो सल्ला जुन्या लिखाणात अजून वाचावयास मिळतो. तो मानू नये.

मनास येईल तो प्रत्यय घेणेही धोक्याचे आहे. आज जगात अस्तित्वात नसलेला प्रत्यय उद्या विक्रीस निघू शकतो. जर्मनीत अतिशय प्रचलित असलेल्या एका राउटरचे आतील नाव ‘फ्रिट्झ.बॉक्स’ असे होते व घरात ते नाव उच्चारले की राउटरचे पान उघडे. पुढे ‘.बॉक्स’ हा प्रत्यय जागतिक डीएनएसमध्ये दाखल झाला आणि २०२४ च्या प्रारंभी त्या कंपनीशी संबंध नसलेल्या कोणीतरी हेच नाव नोंदवून घेतले. त्यानंतर घरातील राउटरऐवजी बाहेरचा डीएनएस सर्व्हर वापरणाऱ्या माणसाला आपल्या राउटरच्या जागी परक्याचे पान मिळू शकत होते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे दाद मागितल्यावर ते नाव कंपनीस मिळाले. परंतु सामान्य गृहस्थाला असा उपाय परवडणारा नाही. ‘.होम’ या प्रत्ययाचे प्रश्न घराघरांतून इतक्या मोठ्या प्रमाणावर बाहेर गळत असत की, नावांचे जागतिक नियमन करणाऱ्या आयकॅन संस्थेने २०१८ मध्ये तो कोणासही न देण्याचे ठरविले. त्याच वर्षी ‘होम.अर्पा’ हा प्रत्यय घरगुती जाळ्यांसाठी राखण्यात आला. २०२४ मध्ये आयकॅनने ‘.इंटर्नल’ हा प्रत्ययही खासगी वापरासाठी कायमचा राखून ठेवला. या दोहोंपैकी एक घ्यावा किंवा स्वतः विकत घेतलेल्या डोमेनचा उपविभाग घरासाठी वापरावा, हे उत्तम. नावात रोमन अक्षरे, अंक व जोडरेघ एवढीच चिन्हे असावीत; अधोरेषा काही आज्ञावल्यांना चालते व काहींना चालत नाही. देवनागरी नावे देता येतात, ‘.भारत’ हा प्रत्यय २०१४ पासून मराठीसह अनेक भाषांसाठी खुला आहे; परंतु जागतिक डीएनएसमध्ये अशी नावे रोमन चिन्हांच्या सांकेतिक रूपात जातात, तर एमडीएनएसमध्ये ती युनिकोडच्या एका रूपात तशीच पाठविली जातात. त्यामुळे घरातील सर्व्हरला देवनागरी नाव देण्याची हौस तूर्त आवरलेली बरी.

दोषनिदान : प्रथम सर्व्हरशी नावाऐवजी पत्त्याने संपर्क साधून पाहावा. ‘पिंग’ या आज्ञेने १९२.१६८.१.१० या पत्त्यावरून उत्तर आले नाही, तर दोष बहुधा नामनिर्धारणाचा नसून तारेचा, वायफायचा किंवा सर्व्हरचा असतो. (काही यंत्रे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, हे मात्र ध्यानात असू द्यावे.) पत्त्याने संपर्क होतो आणि नावाने होत नाही, असे ठरल्यावरच पुढील तपासणीस अर्थ असतो. सर्व्हरचा पत्ताच बदलून गेलेला असणे, हेही एक नित्याचे कारण आहे. राउटर पत्ते ठराविक मुदतीने देतो. वीज जाऊन आल्यावर सर्व्हरला १० ऐवजी २३ हा शेवटचा अंक मिळालेला असतो आणि होस्ट्स फाइल मात्र जुनाच पत्ता सांगत राहते. राउटरमध्ये सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवणे हा यावरील साधा उपाय होय.

यानंतर ‘एनएसलुकअप’ किंवा ‘डिग’ या आज्ञांनी नाव विचारतात. या ठिकाणी अनुभवी माणसाचीही फसगत होते. या आज्ञा सामान्यतः डीएनएस सर्व्हरलाच थेट प्रश्न विचारतात. संगणकाची होस्ट्स फाइल किंवा एमडीएनएस त्या विचारात घेत नाहीत. उलट पिंग, ब्राउझर इ. आज्ञावल्या परिचालन प्रणालीमार्फत सर्व मार्ग क्रमाने चोखाळतात. त्यामुळे डिगला बरोबर पत्ता मिळतो व ब्राउझरला मिळत नाही, किंवा याच्या उलट घडते, तेव्हा त्यात विसंगती नसून तीच दोषाची खूण असते. पहिल्या प्रकारात होस्ट्स फाइलमधील विसरलेली जुनी ओळ, तात्पुरता साठा किंवा ब्राउझर यांचा संशय घ्यावा. दुसऱ्या प्रकारात नाव डीएनएस सर्व्हरमध्ये नोंदलेलेच नसून आजवर ते दुसऱ्याच मार्गाने मिळत होते, असे समजावे. लिनक्सवर ‘गेटएंट’ ही आज्ञा आज्ञावल्यांना प्रत्यक्ष मिळणारे उत्तर दाखविते व म्हणून ती अधिक भरवशाची आहे.

एनएसलुकअप उत्तराबरोबर ते कोणत्या सर्व्हरने दिले हेही छापते. ती ओळ वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये. तेथे राउटरचा किंवा घरच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता अपेक्षित असताना ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता दिसला, तर दोष सापडल्यासारखाच आहे. अनेक जण राउटरमध्ये पहिला डीएनएस सर्व्हर घरचा व दुसरा सार्वजनिक असा लिहून ठेवतात. पहिला बंद पडल्यास दुसरा कामास येईल, अशी त्यामागील समजूत असते. ती चुकीची आहे. दुसरा सर्व्हर केव्हा वापरावा हे प्रत्येक परिचालन प्रणाली आपापल्या रीतीने ठरविते. काही प्रणाली अधिक जलद उत्तर देणाऱ्याकडे वळतात, तर काही एकदा वळल्यावर तेथेच राहतात. शिवाय सार्वजनिक सर्व्हर ‘कोठार’विषयी मौन धरत नाही, असे नाव अस्तित्वात नाही, असे तो ठामपणे सांगतो. हे पूर्ण व वैध उत्तर असल्याने विचारणारा तेथेच थांबतो, घरच्या सर्व्हरकडे परत येत नाही. नाव सकाळी सापडते व दुपारी सापडत नाही, असे लहरी वर्तन दिसले की प्रथम हेच कारण तपासावे. दोन सर्व्हर हवेच असतील, तर दोघांनाही घरची नावे ठाऊक असली पाहिजेत.

याच दोषाची अधिक छुपी आवृत्ती आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीमुळे निर्माण होते. घरमालकाने जुन्या पद्धतीच्या पत्तेवाटपात घरचा डीएनएस सर्व्हर काळजीपूर्वक लिहिलेला असतो. पण राउटर आयपीव्ही६ च्या घोषणांमधून स्वतःचे किंवा सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे डीएनएस सर्व्हर उपकरणांना स्वतंत्रपणे कळवीत असतो. उपकरणाजवळ अशा रीतीने दोन याद्या जमा होतात. राउटरच्या एका पानावर सर्व काही ठीक दिसते आणि दुसरे पान कोणी उघडलेले नसते. उपकरणाजवळ प्रत्यक्षात कोणते डीएनएस सर्व्हर आहेत, याची पूर्ण यादी त्या उपकरणावरच पाहणे हा याचा शोध घेण्याचा खात्रीचा मार्ग होय.

दुरुस्ती केल्यावरही दोष काही काळ टिकतो, याचे कारण नकाराचीही साठवण होते. ‘नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तर किती वेळ जपून ठेवावे, याचे नियम १९९८ मध्ये निश्चित करण्यात आले. डीएनएसच्या मूळ सर्व्हरांकडून आलेला नकार त्यांच्या नोंदीप्रमाणे एक दिवसापर्यंत साठविता येतो, मात्र पुष्कळ आज्ञावल्या ही मुदत स्वतःहून कमी करतात. घाईच्या माणसाने नाव नोंदण्यापूर्वीच ते चालते का हे पाहिलेले असते आणि तोच नकार त्याला नंतर छळतो. अशा वेळी साठा उपकरणात, ब्राउझरमध्ये व राउटरमध्ये अशा तिन्ही ठिकाणी असू शकतो, हे ओळखून तो क्रमाने रिकामा करावा. दुरुस्ती चुकीची असे समजून एकामागून एक नवे बदल करीत जाणे हे सर्वांत वाईट. मूळ दोष गेल्यावरही त्या बदलांचे दोष शिल्लक राहतात.

स्वतःचे डोमेन असणाऱ्यांना निराळाच अनुभव येतो. सार्वजनिक डीएनएसमध्ये ‘कोठार’ची नोंद १९२.१६८.१.१० अशी केली, तर मोबाइलच्या कंपनीच्या जाळ्यावरून विचारल्यास उत्तर बरोबर येते. घरात विचारल्यास मात्र काहीच येत नाही. बाहेरून आलेल्या उत्तरात खासगी पत्ता आढळल्यास ते टाकून देण्याची खबरदारी काही राउटर घेतात. दुष्ट हेतूने तयार केलेल्या वेबपानाने आपले नाव घरातील पत्त्याशी जोडून ब्राउझरमार्फत घरात शिरू नये, म्हणून ही तजवीज असते. ती सरसकट बंद न करता केवळ स्वतःच्या डोमेनपुरती सूट द्यावी.

आणखी काही कारणे थोडक्यात सांगता येतात. नुसता ‘कोठार’ हा शब्द टाइप केल्यास अनेक ब्राउझर तो शोधयंत्राकडे पाठवितात. शेवटी तिरकी रेघ दिल्यास तो नाव म्हणून घेतला जातो. ब्राउझरमधील किंवा अँड्रॉइडमधील सांकेतिक डीएनएसची निवड सक्तीची केल्यास घरच्या सर्व्हरला वगळून प्रश्न थेट बाहेर जातात. ‘.लोकल’ नाव एका खोलीत चालते व दुसरीत चालत नाही, तेव्हा दोन वायफाय जाळी वेगळी आहेत का, हे पाहावे. एमडीएनएसची हाक राउटर ओलांडत नाही आणि पाहुण्यांसाठीच्या वायफायमध्ये ती बहुधा अडविली जाते. ‘कोठार-२.लोकल’ असे नाव आपोआप दिसू लागले, तर मूळ नावावर दुसऱ्या यंत्राने किंवा त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या जोडणीने हक्क सांगितला आहे, असे समजावे. सर्व्हरवर नवी डीएनएस आज्ञावली बसविली व ती सुरूच होत नाही, असेही घडते. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींत १२७.०.०.५३ या अंतर्गत पत्त्यावर एक निर्धारक आधीच ५३ क्रमांकाचा पोर्ट अडवून बसलेला असतो व दोन आज्ञावल्यांना तो एकाच वेळी घेता येत नाही.

नावाचा पत्ता बरोबर मिळूनही पान उघडत नसेल, तर नामनिर्धारणाचे काम तेथे संपलेले असते. एकाच पत्त्यावर अनेक सेवा चालविणारा सर्व्हर नाव पाहून सेवा निवडतो. त्याच्या यादीत ते नाव नसल्यास तो भलतेच पान देतो. ब्राउझरने प्रमाणपत्राविषयी इशारा दिला, तर तेही यंत्र सापडल्याचेच लक्षण होय. प्रमाणपत्र ज्या नावाने काढले असेल, त्याच नावाने सर्व्हरला हाक मारावी लागते आणि तेथे पत्त्याने संपर्क साधण्याची सुरुवातीची युक्ती उपयोगी पडत नाही.